बिगडाय ३.१ सिक्वेन्सिंग किट : दोन पावसाळे आणि ढीगभर अळंब्यांनंतरचा रिव्ह्यू

मिक्सरचा रिव्ह्यू मिळतो, मिसळीचा मिळतो, पण ज्या डब्यावर माझी दोन वर्षं गेली त्याच्याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. फार लोकांच्या कामाचं नाहीये हे आधीच सांगते. पण एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी एमएस्सीची मुलगी रात्री साडेनऊला लालनिळ्या गिचमिड ग्राफकडे बघत रडकुंडीला आली असेल ना, तर तिच्यासाठी आहे हे. मी त्या खुर्चीत बसलेय.

आमचं काम साधं आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरायचं, अळंब्या गोळा करायच्या, त्यांचा डीएनए काढायचा, त्यातला आयटीएस नावाचा तुकडा पीसीआर करून, म्हणजे त्याच्या भरपूर नकला काढून, वाढवायचा आणि तो वाचून ही अळंबी नेमकी कोण ते ठरवायचं. बुरशीसाठी हा तुकडा २०१२ पासून अधिकृत बारकोड धरला जातो. डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी, आणि हा तुकडा साधारण सहाशे-सातशे अक्षरांचा असतो, म्हणजे सँगर पद्धतीने, डीएनए वाचायच्या जुन्या पद्धतीने, एका दमात वाचून होतो. मशीन आमच्याकडे नाही, एवढे पैसे कुणाकडे असतात. त्यामुळे रिअॅक्शन आणि साफसफाई आमच्या लॅबमध्ये करायची आणि प्लेट भरून पुण्यातल्या एका मोठ्या लॅबला रन करायला द्यायची, असा व्यवहार. मधली जी रिअॅक्शन आहे ना, तिच्यासाठी लागतं हे किट. अप्लाइड बायोसिस्टिम्सचं बिगडाय टर्मिनेटर ३.१, आता थर्मो फिशरच्या नावाखाली येतं.

डब्यात काय असतं? बघून खरंच हिरमोड होतो. रेडी मिक्सच्या ट्यूबा, पाचपट बफर, आणि कंट्रोलसाठी, म्हणजे किट चालतंय का ते तपासायला, एक प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) नि त्याचा प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं तो छोटा तुकडा). संपलं. सर पहिल्यांदा ट्यूब दाखवून म्हणाले, "हे सांडलंस तर तुझं स्टायपेंड सांडलं." मी हसले. ते नाही हसले.

पण त्या इवल्याशा ट्यूबमध्ये जे आहे त्याचं मला अजून नवल वाटतं, आणि हा रिव्ह्यू खरं तर त्याच्यासाठीच लिहितेय. डीएनए वाढतो कसा, तर लोकलचे डबे जोडल्यासारखा. प्रत्येक डबा म्हणजे एक अक्षर, रसायनात न्यूक्लिओटाइड, आणि त्याला मागे एक कपलिंग असतं, त्याला पुढचा डबा अडकतो. रसायनाच्या भाषेत ते कपलिंग म्हणजे साखरेच्या तिसऱ्या कार्बनवरचा ओएच. आता कुणीतरी मुद्दाम कपलिंग नसलेले डबे यार्डात सोडले तर काय होईल, असा डबा लागला की गाडी तिथेच खुंटली, पुढे काहीच लागणार नाही. हेच ते डायडीऑक्सी न्यूक्लिओटाइड. दिसायला अगदी खऱ्यासारखं, डबे जोडणारं एन्झाइम फसतं आणि लावून टाकतं, नि मग अडकतं. ट्यूबमध्ये खरे डबे भरपूर आणि हे खोटे थोडे, त्यामुळे करोडो गाड्या बनतात आणि कुठलीतरी प्रत्येक लांबीवर थांबते, कुठली ३१व्या अक्षरावर, कुठली ३२व्या, कुठली ५८०व्या. मग लांबीप्रमाणे रांगेत लावा आणि शेवटचा डबा कुठला ते बघत जा, झालं वाचून.

शेवटचा डबा कुठला ते कळावं म्हणून त्या चार खोट्यांना चार रंग दिलेत. आणि इथे खरी कारागिरी आहे. रंगाचा रेणू न्यूक्लिओटाइडपेक्षा धिप्पाड असतो, तो कुठेही चिकटवला तर एन्झाइम हातच लावणार नाही. म्हणून तो अशा जागी लावलाय जिथून तो बाहेरच्या बाजूला लोंबकळत राहतो, टी आणि सी मध्ये पाचव्या जागेवर, आणि ए-जी मध्ये सातव्या जागेवरचा नायट्रोजन काढून तिथे कार्बन बसवून त्याच्यावर, मध्ये एक कडक छोटी दांडी घालून. अक्षराची जोडी जुळते ती बाजू मोकळीच राहते. ही युक्ती १९८७ मध्ये ड्यूपाँटच्या लोकांनी छापली. आणि बिगडायमधला "बिग" म्हणजे एका रंगाच्या जागी दोन जोडलेले, एक लेझरचा उजेड पकडतो नि शेजाऱ्याला देतो, शेजारी चमकतो. एकट्या रंगापेक्षा चमक जास्त, त्यामुळे कमी मालात काम भागतं.

त्याआधी काय होतं हे आमच्याकडच्या रिटायर झालेल्या मॅडम सांगतात तेव्हा अंगावर काटा येतो. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये ही पद्धत छापली तेव्हा रंगबिंग काही नव्हतं, रेडिओअॅक्टिव्ह फॉस्फरस, चार अक्षरांच्या चार वेगळ्या नळ्या, जेलवर चार वेगळ्या रेघा, एक्स-रे फिल्म आणि ती डोळ्यांनी खालून वर वाचत जायची. ते खोटे न्यूक्लिओटाइडसुद्धा तेव्हा सगळे बाजारात मिळत नव्हते, काही त्यांना स्वतःच बनवावे लागले. फाय-एक्स १७४ नावाच्या विषाणूची सुमारे ५३७५ अक्षरं त्यांच्या ग्रुपने त्याच वर्षी छापली. या कामासाठी १९८० मध्ये त्यांना केमिस्ट्रीचं दुसरं नोबेल मिळालं, पहिलं १९५८ चं, इन्शुलिनचं. आणि आम्ही प्लेट पाठवताना कुरिअरवाला उशिरा आला म्हणून कुरकुरतो.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते म्हणून सांगते. साध्या टॅक एन्झाइमला, म्हणजे पीसीआरमध्ये डबे जोडणारं जे असतं त्याला, हे खोटे डबे आवडत नाहीत, ते वेचून वेचून खरेच उचलतं. १९९५ मध्ये टेबर आणि रिचर्डसन यांनी दाखवलं की त्याच्या साखळीत ६६७ नंबरला फिनाइलअॅलनिन आहे ते काढून टायरोसिन बसवलं की त्याची ही आवडनिवड जवळजवळ जाते. म्हणजे एकाच अमिनो आम्लात, तेही एका ओएच एवढ्याच फरकाने! त्यामुळे ग्राफमधले डोंगर, म्हणजे एकेका अक्षराचे रंगीत उंचवटे, बऱ्यापैकी एका उंचीचे येतात. तुमच्या किटमधलं एन्झाइम त्याच जातीचं आहे. म्हणून कुणी "टॅकच आहे ना, आपलं पीसीआरचं घालून वाढवू" असा शहाणपणा सुचवला तर ऐकू नका. आमच्याकडे सुचवला गेला होता. प्लेट वाया गेली होती.

थोडं विषयांतर होतंय पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कपलिंग नसलेला डबा ही आयडिया फक्त सिक्वेन्सिंगची नाही. एचआयव्हीची जुनी औषधं बघा, एझेडटी घ्या, त्यात तिसऱ्या जागेवर ओएचऐवजी अझाइड आहे. झाल्सिटाबीन, जे १९९२ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, ते तर सरळसरळ डायडीऑक्सी-सायटिडीन आहे, म्हणजे सँगरांच्या सी चाच भाऊ. विषाणूचं एन्झाइम आपल्या पेशीतल्या एन्झाइमपेक्षा जास्त सहज फसतं, त्याची गाडी खुंटते. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचं जे कॉम्बिनेशन दिवसाला एक डॉलरच्या आत देऊ केलं आणि जगभर गाजलं, त्या तीनपैकी दोन, स्टाव्हुडीन आणि लॅमिव्हुडीन, याच घराण्यातली. हे मला कळलं तेव्हापासून त्या ट्यूबकडे बघायची नजरच बदलली माझी.

बरं, आता रिझल्ट. चांगला माल, चांगला प्रायमर दिला तर पहिली वीसतीस अक्षरं गचाळ, मग सहाशे-सातशेपर्यंत सुंदर, सुटे सुटे डोंगर, नंतर हळूहळू एकमेकांत मिसळत जातात. आमच्या कामाला पुरेसं आहे. शंभर वेळा केलं तर शंभर वेळा सारखंच वागतं, हा या किटचा मोठा गुण, आणि त्याचा तोटा असा की काही बिघडलं की दोष बहुतेक तुमचाच असतो. मी पहिल्या पावसाळ्यात पाच-सहा वेळा किटला शिव्या घातल्या. प्रत्येक वेळी नंतर माफी मागावी लागली.

सगळ्यात भारी किस्सा हा. एका अळंबीचा ग्राफ यायचा तो २४० अक्षरांपर्यंत एकदम देखणा आणि मग अचानक सगळं दुहेरी, प्रत्येक जागी दोन डोंगर, जणू दोन माणसं एकदम बोलतायत. मी म्हटलं मिक्स खराब झालं. नवी ट्यूब काढली, तेच. प्रायमर बदलला, तेच. पीसीआर पुन्हा केला, तेच, बरोब्बर २४० ला. तीन आठवडे. मग सर म्हणाले उलट्या बाजूने वाच. उलट्या बाजूनेही एका जागेपर्यंत छान आणि मग गोंधळ, आणि दोन्ही गोंधळ एकाच ठिकाणी सुरू होत होते. डोक्यात प्रकाश पडला. बहुतेक अळंब्यांच्या पेशींत दोन केंद्रकं असतात, दोन आईबापांकडून आलेली, न मिसळलेली. एकाच्या आयटीएसमध्ये एक अक्षर जास्त होतं, बस, तिथून पुढे दोन्ही ओळी एकमेकींपासून एक घर सरकलेल्या. किट बिचारं दोन्ही प्रामाणिकपणे वाचत होतं आणि मी त्याला शिव्या देत होते!! त्यामुळे अळंबीवाल्यांनो, दोन्ही बाजूंनी वाचाच, पैसे वाचवायला एका बाजूवर जाऊ नका.

दुसरा त्रास साफसफाईचा. रिअॅक्शन झाल्यावर न लागलेले रंगीत टर्मिनेटर, म्हणजे ते खोटे डबे, ट्यूबमध्ये शिल्लक असतात, ते काढले नाहीत तर ग्राफमध्ये सत्तर-ऐंशीव्या अक्षराच्या आसपास मोठे पसरट डाग येतात, त्यांना ब्लॉब म्हणतात, खालची खरी अक्षरं झाकली जातात. आम्ही इथेनॉल आणि ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) वाली स्वस्त पद्धत वापरतो. २० मायक्रोलिटर रिअॅक्शन, ५ ईडीटीए, ६० शुद्ध इथेनॉल. हिशोब करा, ८५ मध्ये ६०, म्हणजे ७१ टक्क्यांच्या जवळ, आणि या आकड्यावर सगळा खेळ आहे. इथेनॉल जास्त झालं तर रंगही डीएनएबरोबर खाली बसतात, कमी झालं तर डीएनएच वरच्या पाण्याबरोबर सिंकमध्ये. आता आमच्याकडे शुद्ध इथेनॉल एक्साइजच्या परमिटावर येतं, त्यामुळे बाटली जपून जपून महिनोन् महिने वापरतात, आणि जुलैमध्ये इकडे हवाच पाण्याची असते, प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ते थोडं पाणी ओढून घेतं. सप्टेंबरपर्यंत "शुद्ध" फक्त लेबलवर. आमचे सिग्नल पावसाळ्याच्या शेवटी का पडायचे ते कळायला मला दुसरा पावसाळा लागला. आता छोट्या बाटल्यांत भरून, टेप लावून ठेवतो. ईडीटीए पद्धतीत ग्राफ स्वच्छ येतो पण अगदी छोटे तुकडे थोडे निसटतात, म्हणजे सुरुवातीची काही अक्षरं जातात, आमचा प्रायमर बाहेरच्या बाजूला असल्यामुळे चालतं. तुमचं म्युटेशनच प्रायमरच्या शेजारी असेल तर सोडियम अॅसिटेट घालायची जी पद्धत आहे ती बघा, नाहीतर मॅग्नेटिक बीड वगैरे, खर्च झेपत असेल तर. आणि शेवटी वाळवताना घाई नको. इथेनॉलचा वास येतोय म्हणजे वाळलं नाही. पण हीटब्लॉकवर उघड्या लाइटखाली तासभर ठेवू पण नका, रंग आहेत ते, उजेडाने उडतात. आम्ही प्लेटवर अॅल्युमिनियम फॉइल टाकतो, डब्याची पोळी बांधतो तीच.

पातळ करण्याबद्दल. कंपनीच्या कागदावर एका रिअॅक्शनला ८ मायक्रोलिटर मिक्स लिहिलंय. ते ८ घालणारा माणूस मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. सगळे पाव, अष्टमांश घालतात आणि उरलेलं त्या पाचपट बफरने भरून काढतात. आम्ही १ घालतो. आयटीएससारख्या छोट्या, स्वच्छ पीसीआर तुकड्याला १ मध्ये व्यवस्थित भागतं, मात्र मग डीएनए मोजूनच घालायला हवा, डोळ्यांनी जेल बघून "असेल पुरेसा" हे चालत नाही. कमी मिक्समध्ये जास्त डीएनए टाकला की खोटे डबे पहिल्या तीनशे अक्षरांतच संपतात, ग्राफ सुरुवातीला आभाळाला टेकलेला आणि पुढे घसरगुंडी. पाचशे-हजार अक्षरांच्या तुकड्याला ५ ते २० नॅनोग्रॅम पुष्कळ झाला. मराठी मनाला पटत नाही पण इथे कमी म्हणजेच जास्त, आजीचं हिंगाचं प्रमाण आठवा.

प्रोग्राम ९६ डिग्री, ५० डिग्री, ६० डिग्री, २५ वेळा, आणि त्या ६० वर चार मिनिटं. मला वाटायचं एवढा वेळ कशाला, ७२ वर करून लवकर घरी जाऊ. तर कारण असं की मिक्समध्ये साध्या जी च्या जागी आयनोसिनवालं न्यूक्लिओटाइड, डीआयटीपी, घातलंय. खऱ्या जी-सी जोडीत तीन बंध, यात दोनच, त्यामुळे तुकडे स्वतःवरच दुमडून रांगेत पुढे घुसत नाहीत. पण कमकुवत जोडीमुळे एन्झाइमला सावकाश, कमी तापमानावर चालवावं लागतं. म्हणजे किटमध्ये अक्षरांतलं निदान एक मुळातच बदललेलं आहे आणि मी ते एक वर्ष वापरत होते मला पत्ता नाही. याची दुसरी बाजू म्हणजे जी-सी ने ठासून भरलेल्या, घट्ट गाठी मारलेल्या डीएनएवर हे मिक्स मध्येच दम टाकतं. त्यासाठी खऱ्या जी चं, म्हणजे डीजीटीपीचं, वेगळं किट मिळतं, काही लोक दोन्ही थोडं थोडं मिसळतात. आम्हाला गरज पडली नाही.

आता तक्रार, आणि ती किटची नाही, ज्यांनी आणून दिलं त्यांची. नाव लिहीत नाही. ऑर्डर दिली जूनमध्ये, बॉक्स आला ऑगस्टमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी सहाला, वॉचमन काकांकडे. काकांनी प्रामाणिकपणे सही केली आणि टेबलाखाली ठेवला. वर मराठीत काही लिहिलेलंच नव्हतं, त्यांना काय कळणार उणे वीसला ठेवायचंय ते. सोमवारी उघडला तर ड्राय आइसच्या जागी रिकामी पिशवी, जेल पॅक कोमट. फोन केला तर पलीकडून साहेब म्हणतात "मॅडम वापरून तर बघा, चालतं." मॅडमनी वापरून बघितलं. कंट्रोल प्लाझ्मिड लावला, जो दरवेळी सातशेच्या वर जायचा तो तीनशेला थकला. फोटो, ग्राफ सगळं पाठवलं, चार महिने मेल चालले, शेवटी बदलून मिळालं, तोवर पावसाळा गेला आणि माझं सबमिशन पण. त्यामुळे दोन गोष्टी करा. एक, बॉक्स येईल तो वार आधी ठरवून घ्या, शुक्रवार घेऊ नका. दोन, कंट्रोलची ट्यूब फेकू नका, सगळे तिला फुकटची म्हणून फ्रीजरच्या कोपऱ्यात ढकलतात, भांडायची वेळ आली की तीच तुमची साक्षीदार. आणि आल्या आल्या छोट्या ट्यूबांत वाटून ठेवा, एकच ट्यूब रोज वितळवायची आणि गोठवायची हे त्या मिक्सला सोसत नाही.

"आता हे कोण वापरतं, नेक्स्ट-जेनचा जमाना आहे" असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून त्या एकदम ढीगभर तुकडे वाचणाऱ्या नव्या पद्धतींबद्दलही. इल्युमिनावाली पद्धतसुद्धा बदललेल्या न्यूक्लिओटाइडवरच चालते, फक्त तिथे कपलिंग कापलेलं नाही, त्याच्यावर कुलूप घातलंय. तिसऱ्या जागेवर अझिडोमिथाइलचा गट, एक अक्षर लागलं की थांब, फोटो काढ, मग फॉस्फिनवालं रसायन सोड, कुलूप पण निघतं नि रंग पण तुटून वाहून जातो, मग पुढचं अक्षर. केंब्रिजचे शंकर बालसुब्रमण्यम, जन्म चेन्नईचा, आणि डेव्हिड क्लेनरमन यांचं हे डोकं, १९९७ च्या सुमाराला तिथल्या एका पबमध्ये बसून रंगलेल्या गप्पांतून वाढलेलं, त्यातून सोलेक्सा कंपनी निघाली नि ती २००७ मध्ये इल्युमिनाने घेतली. अफाट प्रकार आहे, मला मान्य. त्यांच्या दोनच रंगांच्या मशीनमध्ये तर जी ला रंगच नाही, अंधार दिसला की जी समजायचं, मग डीएनए संपला तरी मशीन अंधार बघून जी जी जी जी लिहीत सुटतं, हे वाचून मी फार हसले होते. पण मला एका अळंबीचं एक नाव हवंय. त्यासाठी एवढं मोठं मशीन लावणं म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठी टेम्पो. शेकडो नमुने एकदम असतील, किंवा मातीतली सगळी बुरशी एकत्र वाचायची असेल तर जरूर तिकडे जा. वीस-पन्नास नमुने, एकेक तुकडा, तर सँगरच.

घ्यावं का मग? वर्षाला दहा-पंधराच नमुने असतील तर किट घेऊच नका, पीसीआरचा माल थेट सर्व्हिसवाल्यांना द्या, ते सगळं करून फाइल मेल करतात, तुमची अर्धी ट्यूब फ्रीजरमध्ये वर्षभर पडून मरण्यापेक्षा बरं. नमुने भरपूर असतील आणि हात बसलेला एक माणूस असेल तर सगळ्यात छोटा डबा घ्या, २४ रिअॅक्शनचा, अष्टमांश धरला तर तो १९२ होतो, आणि शेजारच्या डिपार्टमेंटबरोबर वाटून घ्या. आम्ही झूऑलॉजीबरोबर घेतो, ते बेडूक वाचतात, आम्ही अळंब्या. भांडणं होतात पण बजेट निम्मं होतं.

किटला साडेचार स्टार. अर्धा कापला कारण रेडी मिक्सच्या ट्यूबचं झाकण ग्लोव्ह घालून उघडताना एकदा माझ्या हातून उडालं आणि त्या दिवशी सरांचा चेहरा मी विसरू शकत नाही, त्यात किटची काही चूक नाही तरी कापला. आणून देणाऱ्याला एक, तोही बदलून दिलं म्हणून. त्या २४० वाल्या अळंबीला पाच. तिचं नाव अजून लागलेलं नाही, जेनबँकमध्ये, म्हणजे डीएनए वाचनांच्या जगभरच्या साठ्यात, जवळचं असं कुणी मिळत नाहीये, ती जिथे सापडली त्या वारुळापाशी पुढच्या आठवड्यात पुन्हा जातोय.